दिल्लीचा चांदनी चौक : गाड्या बाहेर गेल्या, आता रस्ता राखायचा कुणी?

रानजाई (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात एक दिवस रजा होती. सकाळी दहाच्या सुमारास लाल किल्ल्यासमोर उतरले आणि जैन लाल मंदिरापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत सरळ चालत गेले. अंतर १.३ किलोमीटर. थांबतथांबत पाऊण तास लागला. एवढ्याशा गोष्टीवर धागा काढतेय, कारण दिल्लीत आल्यानंतरच्या पहिल्या पंधरा वर्षांत मला हे एकदाही जमलं नव्हतं.

जुना चांदनी चौक ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. डोक्यावर वायरींचं असं जाळं की आभाळ दिसू नये. खाली मोटारी, स्कूटर, सायकल रिक्षा, मालाच्या हातगाड्या आणि या सगळ्यांतून पाठीवर गठ्ठा घेऊन वाट काढणारे पल्लेदार. पायी चालणाऱ्याला स्वतःची अशी जागाच नव्हती. लग्नाच्या खरेदीला आलेल्या पाहुण्यांना घेऊन मी कितीदा तरी गेले असेन, पण प्रत्येक वेळी लक्ष पर्सकडे आणि पायाखाली. शीशगंज गुरुद्वाऱ्याला लागूनच सुनहरी मशीद आहे, हे मला कित्येक वर्षं दिसलंच नव्हतं. मान वर करायची सोयच नव्हती.

डिसेंबर २०१८ मध्ये काम सुरू झालं, मध्ये करोना आला, आणि १२ सप्टेंबर २०२१ ला नवा रस्ता रीतसर खुला झाला. सकाळी ९ ते रात्री ९ इंजिनावर चालणारं वाहन आत नाही. पायी चाला नाहीतर सायकल रिक्षात बसा. वायरी जमिनीखाली गेल्या, तांबूस दगडाची फरसबंदी झाली, बसायला दगडी बाक आले. आराखडा प्रदीप सचदेवा यांचा, दिल्ली हाट हा हस्तकलांचा बाजार ज्यांनी रचला ते. रस्ता पूर्ण झालेला पाहायला ते राहिले नाहीत, २०२० मध्ये गेले.

आता मला जे बोलायचंय ते. या कामाची चर्चा होते तेव्हा 'ऐतिहासिक रस्त्याचा मॉल केला' असा सूर हमखास लागतो. पण हा रस्ता जन्मला तोच मुळी खरेदीसाठी आणि फिरण्यासाठी. शाहजहानची मुलगी जहाँआरा बेगम हिने १६५० च्या सुमारास तो आखला. मधून कालवा वाहायचा, दोन्ही बाजूंना झाडं, त्यामागे ओळीनं दुकानं. मध्यावर अष्टकोनी चौक आणि त्यात हौद. हौदात चांदणं पडायचं म्हणून तो चांदनी चौक. मुळात नाव त्या चौकाचं, पुढे अख्ख्या रस्त्याला चिकटलं. म्हणजे पावणेचारशे वर्षांपूर्वी एका बाईनं या शहराला चालायला, बसायला आणि खरेदी करायला एक रस्ता दिला होता. मोटारींनी तो घेतला आणि २०२१ मध्ये तो परत मिळाला, असं मी या कामाकडे बघते.

म्हणूनच जीव तुटतो. कारण परवा चालताना जे दिसलं ते सगळं चांगलं नव्हतं. गाड्या अडवायला लावलेले दगडी खांब कितीतरी ठिकाणी मोडलेत. त्या फटींतून दिवसाढवळ्या मोटारसायकली येतात. दंडाचा फलक उभा आहे, वीस हजारांचा, आणि त्याच्याच सावलीत स्कूटर लावलेली. फरशा उचकटल्यात, कुंड्यांमधली बरीच झाडं वाळलीत. प्रसाधनगृहापाशी नाक धरूनच जावं लागलं. एवढा खर्च करून, एवढी वर्षं खणून उभं केलेलं काम चारपाच वर्षांत असं दिसावं?

ज्यांचा या रस्त्याशी कुठल्याही नात्यानं संबंध आलाय त्यांनी लिहा. नुसतं चांगलं-वाईट नको, काय पाहिलंत ते लिहा.

---

कट्टेकरी

वाचतोय. सुनहरी मशिदीचं अगदी पटलं. मीही ती पहिल्यांदा २०२२ मध्ये पाहिली, आणि त्याआधी किमान वीस वेळा तिच्यासमोरून गेलो होतो.

---

बखरवाचक

चांगला धागा. थोडी भर घालतो.

हौद आणि कालवा मोटारींमुळे गेले नाहीत, ते बरेच आधी गेले. १८५७ नंतर इंग्रजांनी किल्ला आणि जामा मशीद यांच्यामधली मोठी वस्ती जमीनदोस्त केली. जहाँआराने चौकाच्या उत्तरेला बांधलेली सराय पाडली आणि त्या जागी आज दिसतो तो टाउन हॉल उभा राहिला. हौदाच्या जागी घड्याळाचा मनोरा आला, घंटाघर. १९५१ मध्ये त्याचा भाग कोसळून माणसं मेली आणि नंतर तोही उतरवला. मजा अशी की आजही रिक्षावाल्याला 'घंटाघर' म्हटलं की तो बरोबर टाउन हॉलसमोर सोडतो. मनोरा कोसळून सत्तर वर्षं उलटली तरी पत्ता तोच राहिलाय.

१९०८ पासून या रस्त्यावर ट्राम होती, १९६३ ला बंद पडली. त्यामुळे 'मूळ रूप परत आणलं' असं कुणी म्हटलं तर विचारावं लागतं, की कुठलं मूळ रूप? जहाँआराचं? ट्रामवालं? १९१२ च्या २३ डिसेंबरला व्हाइसरॉय हार्डिंगच्या हत्तीवर बॉम्ब पडला तेव्हाचं? मला विचाराल तर मूळ रूपाचा आग्रह सोडून द्यावा. रस्त्याचा मूळ हेतू परत आला का, एवढंच तपासावं. रानजाई यांनी तेच केलंय, म्हणून लेख आवडला.

मराठी माणसानं तिथे गेल्यावर एक गोष्ट चुकवू नये. जैन लाल मंदिराच्या शेजारी गौरीशंकर मंदिर आहे, ते आपा गंगाधर या शिंद्यांच्या पदरच्या मराठ्यानं बांधलेलं. साल १७६१ सांगतात. त्याच वर्षाच्या जानेवारीत पानिपत झालं, त्यामुळे हे साल वाचलं की मी दर वेळी अडखळतो. पण पुढे १७८८ ते १८०३ लाल किल्ल्यावर शिंद्यांचाच अंमल होता, हे तर पक्कं. चांदनी चौकाच्या तोंडाशी तेव्हा आपल्या लोकांचे पहारे असणार. आणि एकाच रस्त्यावर किती काय बघा : जैन मंदिर, गौरीशंकर, बाप्टिस्ट चर्च, गुरू तेगबहादुरांनी १६७५ मध्ये जिथे शीर दिलं तिथला गुरुद्वारा, शेजारी जिथे बसून १७३९ मध्ये नादिरशहाने कत्तलीचा हुकूम दिला ती सुनहरी मशीद, आणि शेवटी फतेहपुरी. हे सगळं मान वर करून, एका दमात चालत बघता येणं ही माझ्या लेखी फार मोठी गोष्ट आहे. दगड मोडले तर बदलता येतील.

---

पेढीवाली

मी नागपूरची, सासर दिल्लीचं. कटरा नीलमध्ये (कटरा म्हणजे एकाच तऱ्हेच्या मालाच्या दुकानांची आतली वसाहत) आमची कापडाची पेढी आहे, सासऱ्यांच्या वडिलांपासूनची. तेव्हा मी दुसऱ्या बाजूनं लिहिते. राग मानू नका.

बाहेरून येणाऱ्याला चांदनी चौक म्हणजे लेहंगे, दरीबातली चांदी आणि पराठे. पण हा सगळा भाग मुळात ठोक बाजार आहे. भगीरथ पॅलेसमध्ये विजेचं सामान, नई सडकेला पुस्तकं, कटऱ्यांमध्ये कापड, फतेहपुरीच्या पलीकडे खारी बावलीत मसाले. इथून उत्तर भारतभर माल जातो. किरकोळ गिऱ्हाईक पिशवी घेऊन चालत जाईल. ठोक गिऱ्हाईक चाळीस गठ्ठे घेऊन कसं जाणार?

पूर्वी टेम्पो दिवसा कधीही यायचा, गोंधळ होता हे कबूल. आता तो रात्री ९ नंतर. म्हणजे दिवसभर दुकान चालवायचं आणि रात्री माल उतरवायला, चढवायला कुणीतरी थांबायचं. आमच्याकडे माझा दीर थांबतो, साडेअकरापर्यंत. पल्लेदारांचं तर वेळापत्रकच उलटं झालं. दिवसा तुरळक काम, रात्री एकदम रेटा. आमच्याकडे वीस-बावीस वर्षं असलेला एक पल्लेदार म्हणाला, 'बहूजी, सड़क सुंदर हो गई, पर हमारी नींद चली गई.' त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, जे झालं ते त्यानं सांगितलं.

पहिली दोन वर्षं खणकामाची तर विचारूच नका. दुकानासमोर खड्डा, वर करोना. काही शेजाऱ्यांनी तेव्हाच गाळे सोडले.

आणि तरीही सांगते, रस्ता पूर्वीसारखा करा असं आमच्या घरात आता कुणीच म्हणत नाही. सासूबाई पंच्याहत्तरीच्या आहेत, लग्न होऊन आल्यापासून त्या इथे कधी चालल्या नव्हत्या. घरातून रिक्षा, रिक्षातून दुकान. आता संध्याकाळी फतेहपुरीपर्यंत जाऊन येतात. आमचं मागणं एवढंच आहे की माल हासुद्धा रस्त्याचा भाग आहे हे कुणीतरी कागदावर मांडायला हवं होतं.

---

तिफण

पेढीवाली यांनी नेमकं दुखणं सांगितलं. मी रस्ते-वाहतुकीच्या कामात आहे (दिल्लीत नाही), त्यामुळे हे वाचून राहवलं नाही.

पादचारी रस्ता आखताना सगळी चर्चा माणसांची होते : किती रुंद पदपथ, कुठे बाक, कुठे झाड. मालाचा विचार शेवटी होतो. ठोक बाजारात तर आधी माल बघायला हवा. कटऱ्याच्या तोंडापासून सगळ्यात जवळ टेम्पो कुठे उभा राहू शकतो? तिथून हातगाडी किती अंतर जाणार? ती जाईल तेव्हा फरशीवर भार किती? शोभेची फरशी पायी माणसांच्या हिशेबानं बसवली आणि रात्री तिच्यावर भरलेले टेम्पो उभे राहिले, तर खालचा थर दबतो आणि फरशी कोपऱ्यातून उचकटते. मी ती जागा तपासलेली नाही, त्यामुळे तिथे तसंच झालं असं म्हणणार नाही. पण दिवसा पादचारी आणि रात्री मालवाहतूक असा दुहेरी रस्ता असेल तर तो रात्रीच्या भारासाठीच बांधावा लागतो.

खांबांचंही तसंच. दगडी खांब दिसायला छान. पण रुग्णवाहिका आणि अग्निशमन आत यायलाच हवेत, म्हणून काही ठिकाणी वाट सोडावी लागते. त्या वाटेवर चोवीस तास माणूस नसेल तर ती सगळ्यांचीच वाट होते. आणि भगीरथ पॅलेसमध्ये नोव्हेंबर २०२२ ला केवढी आग लागली ते आठवत असेल. गल्ल्यांमध्ये बंब पोचत नाहीत. त्यामुळे वाट बंदच करून टाका असंही म्हणता येत नाही.

थोडक्यात त्या रस्त्याला रोजचा मुकादम हवा. पालिका, वाहतूक पोलीस, वीज कंपनी, जुन्या दिल्लीचं पुनर्विकास महामंडळ, सगळ्यांचा थोडा थोडा हात असला की मोडलेला खांब कुणाचाच नसतो.

---

रानजाई

पेढीवाली, राग कसला! तुमच्या प्रतिसादासाठीच धागा काढला होता असं समजा. पल्लेदाराचं वाक्य दोन दिवस डोक्यातून जाणार नाही.

तिफण, 'मोडलेला खांब कुणाचाच नसतो' हे तंतोतंत. मी परवा एका खांबाबद्दल तिथल्या तीन वेगवेगळ्या गणवेशांतल्या माणसांना विचारलं. तिघांनीही दुसऱ्याकडे बोट दाखवलं. एक तर बिचारा म्हणाला, मला इथे येऊन चारच दिवस झालेत. आणि हे महामंडळ २००८ पासून आहे, म्हणजे रस्ता खुला होण्याच्या तेरा वर्षं आधीपासून. तेरा वर्षांत 'नंतर कोण बघणार' हा प्रश्न कुणालाच पडला नसेल का?

---

दूरदेशी

कोपनहेगनमधून लिहितोय. इथल्या स्ट्रॉइएटचं उदाहरण पादचारी रस्त्यांच्या चर्चेत नेहमी येतं, म्हणून जे माहीत आहे ते.

नोव्हेंबर १९६२ मध्ये हा रस्ता गाड्यांना बंद केला तो प्रयोग म्हणून. दुकानदारांचा कडवा विरोध होता. डेन्मार्कच्या हवेत लोक रस्त्यावर रेंगाळणार नाहीत, आपण काही इटालियन नाही, असा एकूण सूर. दोन वर्षांनी, १९६४ ला तो कायमचा झाला. लांबी साधारण तुमच्या चांदनी चौकाएवढीच, एक किलोमीटरहून थोडी जास्त. यान गेल या वास्तुविशारदानं पुढे कित्येक वर्षं इथे बसून माणसं मोजली : किती चालतात, किती थांबतात, कुठे बसतात. त्यावरून पुढचे रस्ते आणि चौक एकेक करत मोकळे केले गेले.

मला महत्त्वाचं वाटतं ते हे मोजत राहणं. चांदनी चौकात असं कुणी करत असेल तर वाचायला आवडेल.

पण एक सांगायलाच हवं. आज स्ट्रॉइएटवर चालताना मला फारसा आनंद होत नाही. मोठ्या साखळी दुकानांच्या पाट्या आहेत, ज्या युरोपातल्या कुठल्याही शहरात दिसतील. भाडी वाढली की जुनी छोटी दुकानं टिकत नाहीत. चांदनी चौकात अजून दरीबात चांदीवाला आणि किनारी बाजारात जरीवालाच बसलाय, तर ती दगडी फरशीपेक्षा मोठी कमाई आहे. ती जपा.

---

खडा_सवाल

सगळ्यांनी छान लिहिलंय, पण सत्तर-ऐंशी ओळी झाल्या आणि पटरीवाल्यांचं, म्हणजे पदपथावर बसून विकणाऱ्यांचं, नाव एकदाही आलं नाही.

मी तिथे शिकायला असताना तीन वर्षं पटरीवरूनच सगळं घेत असे. स्वेटर, पट्टा, चष्म्याची दांडी, पावसाळ्यात छत्री. टाउन हॉलच्या आसपास एक आजोबा कुलपं-किल्ल्या घेऊन बसायचे, त्यांनी माझ्या खोलीचं कुलूप दोनदा उघडून दिलं. नवा रस्ता झाल्यावर गेलो, आजोबा नाहीत. शेजारच्या दुकानात विचारलं, ते म्हणाले, 'वो सब हटा दिए.'

२०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यात नगर विक्री समिती नेमून सर्वेक्षण करा, तोवर हटवू नका, असं स्वच्छ लिहिलंय. पण रस्ता देखणा होणार म्हटलं की पहिली कुऱ्हाड यांच्यावरच. रानजाई म्हणतात रस्ता लोकांना परत मिळाला. कुठल्या लोकांना? ज्यांच्याकडे दुकान आहे किंवा खिशात खरेदीचे पैसे आहेत त्यांना? दगडी बाकांवर दुपारी बेघर माणूस झोपला की वर्तमानपत्रात फोटो येतो, 'सौंदर्याला गालबोट'. त्याला दुसरी जागा कुठली, हे विचारायला कुणी जात नाही.

रस्ता चालता झाला याचा मलाही आनंदच आहे. पण किल्लीवाले आजोबा जिथे बसत होते तिथे आता रिकामी कुंडी आहे. आजोबांच्या जागी कुंडीच बसवायची होती तर निदान तिला पाणी तरी घालायचं.

---

पेढीवाली

खडा_सवाल, तुमचं दुःख खरं आहे. पण दुकानासमोर पटरी लागली की आमच्या दारातून गिऱ्हाईक आत शिरू शकत नव्हतं, हेही खरं आहे. आम्ही भाडं भरतो, कर भरतो. शिवाय पटरीच्या जागेसाठी कुणाला काय द्यावं लागायचं ते सगळ्या बाजाराला माहीत होतं. ती जागा त्या गरिबांना फुकट मिळत नव्हती.

त्यामुळे माझ्या मते जागा आखून, पावती देऊन, ठरावीक अंतरावर बसवावं. मधला पट्टा एवढा रुंद आहे. त्यात विजेच्या रोहित्रांना जागा मिळाली, पोलीस चौकीला मिळाली, तर किल्लीवाल्यालाही मिळाली असती. आमच्या दुकानदार मंडळीत मी हे बोलले, तेव्हा फार कुणाला आवडलं नाही.

---

खडा_सवाल

@पेढीवाली, तुम्ही ते तिथे बोललात याबद्दल मनापासून आभार. मला कुणा दुकानदाराकडून हे ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. पावती देऊन आखीव जागा, एवढंच तर मागणं आहे.

---

बखरवाचक

रोहित्रांचा विषय निघाला म्हणून. मूळ आखणीत किल्ल्याच्या लाहोरी दरवाजासमोरून थेट फतेहपुरी मशिदीपर्यंत नजर जायची, एका टोकाला बादशहा, दुसऱ्या टोकाला मशीद. मधल्या पट्ट्यात आज जे काही उभं केलंय त्यानं ती नजर अडते. वीज कुठूनतरी यायलाच हवी हे मान्य, पण जिथे कालवा होता नेमकी तीच जागा मिळावी याचं वाईट वाटतं.

अमृतसरला २०१६ मध्ये टाउन हॉल ते सुवर्णमंदिर असा वारसा रस्ता केला. तिथे उलटा प्रकार आहे. इमारतींचे दर्शनी भाग एकसारखे करून टाकले, तेच सज्जे, तेच रंग. स्वच्छ आहे, चालायला उत्तम आहे. पण कुठली इमारत खरी जुनी आणि कुठली परवाची ते कळत नाही. चांदनी चौकात दर्शनी भागांना तसा सरसकट हात लावला नाही, म्हणून तिथे अजून वर बघितलं की एखादी मोडकी हवेली, एखादा लोखंडी कठडा, मध्येच एखादी भयाण काचेची दर्शनी भिंत असं सगळं दिसतं. मला हेच बरं वाटतं. डागडुजी हवी, मुखवटा नको.

---

मोगरा

एक अडचण विचारायची होती, विषयाला सोडून वाटली तर सांगा.

माझी आई ७६ वर्षांची आहे. आजोबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते, त्यामुळे तिचं बालपण दिल्लीत गेलं. दहावीच्या आधीच ते सगळे महाराष्ट्रात परतले. तेव्हापासून ती दिल्लीला गेलेली नाही. पुढच्या महिन्यात भाच्याच्या लग्नाला जातोय आणि तिला चांदनी चौक बघायचाय. गुडघ्यांमुळे चाकाची खुर्ची लागते. जमेल का? की उगाच तिला त्रास?

---

तिफण

जमायला हवं. रस्ता सपाट आहे, पदपथ आणि मधला भाग यांत फारशी उंची नाही. खांबांमधली फट मात्र खुर्चीच्या रुंदीपेक्षा कमी असू शकते. शक्य असेल तर घडी होणारी, अरुंद खुर्ची न्या.

---

रानजाई

मोगरा, नक्की घेऊन या. मेट्रोनं येत असाल तर व्हायोलेट लाइनच्या लाल किल्ला स्थानकावर उतरा, लिफ्ट आहे, तिथून जैन मंदिर अगदी हाकेवर. यलो लाइनचं चांदनी चौक स्थानक नको, त्याच्या बाहेरच्या गल्लीत खुर्ची ढकलणं कठीण जाईल. रविवार टाळा, बरीच दुकानं बंद असतात. सकाळी साडेनऊ-दहाला पोचा. गाड्या बंद झालेल्या असतात आणि गर्दी अजून जमलेली नसते. उन्हाळ्यात दगड फार तापतो, पण तुम्ही हिवाळ्यात येताय, उलट ऊन बरं वाटेल. आणि दमलात तर सरळ सायकल रिक्षा करा. भाडं मात्र आधी ठरवा.

---

कट्टेकरी

मोगरा, जाऊन आलात की इथे लिहा. वाट बघतो.

---

मोगरा

जाऊन आलो. उशीर झाला लिहायला.

रानजाई यांनी सांगितल्याप्रमाणे लाल किल्ला स्थानकावर उतरलो. जैन मंदिरापाशी पहिल्याच खांबांच्या रांगेत खुर्ची अडकली, तिफण यांचा अंदाज बरोबर निघाला. मी मागेपुढे करत होते तेवढ्यात एक रिक्षावाला उतरला, त्यानं आणि अजून एकानं आईला खुर्चीसकट उचलून पलीकडे ठेवलं. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. परतताना मग त्याचीच रिक्षा शोधून केली.

आई पहिला अर्धा तास काहीच बोलली नाही. मला वाटलं तिला आवडलं नाही. गुरुद्वाऱ्यासमोर तिनं पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. मग म्हणाली, इथे ट्रामचा आवाज फार यायचा. तिची आई तिला हाताला धरून ट्राममध्ये चढवायची आणि फतेहपुरीला उतरायच्या. आज तिथे फक्त माणसांचा आवाज आणि रिक्षांच्या घंट्या होत्या. तिला ती शांतता आधी परकी वाटली असावी.

टाउन हॉलसमोर आम्ही बाकाजवळ खुर्ची लावून तासभर बसलो. मी तिला बखरवाचक यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. घंटाघरावर ती एकदम म्हणाली, 'अगं, मनोरा मी कधी पाहिलाच नाही. पण आई भांडायची तेव्हा म्हणायची, घंटाघरपाशी सोडून येईन.' आणि मग ती खूप हसली. तिला असं हसताना बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

खडा_सवाल, तुमच्यासाठी मुद्दाम बघितलं. टाउन हॉलच्या थोडं पुढे, एका बंद दुकानाच्या पायरीवर एक माणूस किल्ल्या घेऊन बसला होता. आजोबा नव्हते, चाळिशीचा असेल. समोर काही मांडलेलं नव्हतं, किल्ल्यांचा जुडगा पिशवीत ठेवून बसला होता, म्हणजे उठावं लागलं तर लगेच उठता येईल. त्याचं नाव-गाव विचारणं मला प्रशस्त वाटलं नाही. आईच्या ट्रंकेच्या कुलपाची किल्ली हरवली होती, कुलूप योगायोगानं पर्समध्येच होतं. त्यानं पाच मिनिटांत नवी करून दिली.

आईनं ती किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवली आहे. फतेहपुरीपर्यंत मात्र आम्ही गेलो नाही. ती म्हणाली, पुढच्या वेळी.